मोजक्या पाण्यातला मका : वाचकांचे प्रश्न

मक्याच्या पेरणीपूर्वी आलेल्या पत्रांत या वेळी एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसते. पाणी मोजके आहे, तर वाण कोणता घ्यावा आणि असलेले पाणी पिकाला कधी द्यावे? त्या पत्रांतील काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझ्या साठवणीतील पाण्यातून एक हेक्टर मक्याला हंगामभरात चार पाळ्या देता येतात. आणखी एक हेक्टर जमीन मोकळी आहे. तेच पाणी दोन हेक्टरांवर दोन-दोन पाळ्यांनी पसरावे, असा सल्ला मला मिळाला आहे. कमी पाण्यात चांगले उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणाचे नाव सुचवावे.

उत्तर : आपण वाणाचे नाव मागितले आहे, पण मी आधी पाण्याचा हिशेब मांडतो, कारण वाण त्या हिशेबावरून ठरवायचा असतो. दाण्यासाठी घेतलेल्या मक्याला हवामान आणि वाणाचा कालावधी यांनुसार पेरणीपासून पक्वतेपर्यंत साधारण ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी लागते. आपल्या वाणाची गरज ५५० मिलिमीटर आहे असे धरू. पेरणीच्या वेळी मीटरभर खोलीपर्यंत पुरती ओल असेल, तर मध्यम-भारी जमिनीत त्या थरात सुमारे १५० मिलिमीटर उपलब्ध पाणी असते आणि त्यातले ८० मिलिमीटरच्या आसपास पाणी पीक ताण न सोसता उचलते. पावसाचे खरोखर उपयोगी पडणारे पाणी २०० मिलिमीटर धरले आणि चार पाळ्यांतून प्रत्येकी ५० मिलिमीटर मुळांपर्यंत पोहोचले, तर एकूण ४८० मिलिमीटर होते. म्हणजे तूट ७० मिलिमीटरची, सुमारे १३ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ साली पाणी आणि उत्पादन यांचे पीकवार नाते मांडले, त्यात मक्याचा संपूर्ण हंगामाचा गुणांक १.२५ आहे, पाण्यात १ टक्का तूट आली की उत्पादन सव्वा टक्क्याने घटते, असा त्याचा अर्थ. त्या मापाने आपल्याला पूर्ण ओलिताच्या तुलनेत ८४ टक्के उत्पादन मिळावे.

आता तेच पाणी दोन हेक्टरांवर पसरून पाहू. प्रत्येक हेक्टरला ३८० मिलिमीटर मिळतील, तूट ३१ टक्क्यांवर जाईल आणि उत्पादन ६१ टक्क्यांवर येईल. दोन्ही हेक्टर मिळून बेरीज १२२ होते. ती ८४ पेक्षा मोठी दिसते आणि आपल्याला मिळालेला सल्ला बहुधा याच बेरजेवर आधारलेला आहे. परंतु दुसऱ्या हेक्टरमुळे प्रत्यक्षात फक्त ३८ ची भर पडली आणि तिच्यासाठी बियाणे, खत, मशागत, मजुरी आणि काढणी हा खर्च जवळजवळ पूर्ण हेक्टरचाच झाला. पाऊस १०० मिलिमीटरने कमी पडला, तर एका हेक्टरचे उत्पादन ६१ वर थांबते, तर दोन हेक्टरांचे ३९ आणि ३९ मिळून ७८ होते. म्हणजे वाईट वर्षी दुसऱ्या हेक्टरची भर अवघी १७ ची. हा हिशेब स्थूल आहे आणि ताण कोणत्या अवस्थेत आला यावर आकडे बरेच मागेपुढे होतात. तरीही माझा स्पष्ट कल मका एकाच हेक्टरवर ठेवावा आणि दुसऱ्या हेक्टरवर कमी पाण्याचे, वेगळ्या वेळी फुलोऱ्यात येणारे पीक घ्यावे, याकडे आहे.

आणखी एक गोष्ट पेरणीपूर्वी तपासावी. साठ्यात पाणी असणे वेगळे आणि ते वेळेत शेतात पोहोचवता येणे वेगळे. तुरा, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरचा नर फुलोरा, येण्याच्या काळात उष्ण, कोरड्या हवेत मका दिवसाला ७ ते ८ मिलिमीटर पाणी खर्च करतो. सेकंदाला ५ लिटर पाणी देणारा पंप दिवसाला १० तास चालला तर १ लाख ८० हजार लिटर उपसतो. सरीतून देताना त्यातले ७० टक्के पिकाच्या कामी आले तर १ लाख २६ हजार लिटर उरतात. एका हेक्टरवरील १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, त्यामुळे ७ मिलिमीटरच्या गरजेला हा पंप पावणेदोन हेक्टरच्या थोडाच पुढे पुरतो. ज्यांचा पंप याहून लहान आहे किंवा ज्यांना वीज कमी तास मिळते, त्यांनी क्षेत्र ठरवताना साठ्याइतकाच पंपाचाही विचार केला पाहिजे.

मग वाण. आपल्याकडे पाण्याची टंचाई हंगामाच्या कोणत्या टोकाला येते, हे प्रथम ठरवावे. साठा उत्तरोत्तर आटत जाऊन दाणे भरण्याच्या वेळी संपणार असेल, तर लवकर येणारा वाण घ्यावा. दिवसाला ५ मिलिमीटर खर्च धरला तर १० दिवस आधी पक्व होणारा वाण ५० मिलिमीटर, म्हणजे आपली एक अख्खी पाळी वाचवतो. त्याची उत्पादनक्षमता उशिरा येणाऱ्या वाणापेक्षा सहसा कमी असते, हे मात्र मान्य करूनच तो घ्यावा. टंचाई मधल्या काळात येऊन पुढे पावसाची खात्री असेल, तर मध्यम ते उशिरा येणारा वाण त्या पावसाचा फायदा उठवू शकतो. कालावधी ठरला की त्या गटातील वाणांचे किमान तीन हंगामांचे, वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांचे आकडे मिळवावेत. ते वाचताना सर्वांत चांगल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा सर्वांत वाईट वर्षीच्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. ज्या वाणाचे वाईट वर्षीचे उत्पादन इतरांपेक्षा वर राहते, तो मोजक्या पाण्याचा वाण. मी येथे नाव देत नाही याचे कारण हेच आहे. हे आकडे आपल्यासारख्या जमिनीतले आणि हवामानातले असले तरच उपयोगाचे.

त्याखेरीज तुरा आणि केसर, म्हणजे कणसातून बाहेर येणारे मादी फुलांचे धागे, यांच्या दिवसांतील अंतर कमी असावे, पाने उशिरापर्यंत हिरवी राहावीत आणि ताट मजबूत असावे. ताणात सापडलेले झाड दाणे भरण्यासाठी ताटातले अन्न ओढून घेते, ताट पोकळ होते आणि काढणीपूर्वीच मका लोळतो, म्हणून ताटाच्या मजबुतीला मी मोठे महत्त्व देतो. क्षेत्र मोठे असेल तर तुरा येण्यात सहा-सात दिवसांचा फरक असणारे दोन वाण वेगवेगळ्या भागांत पेरावेत. त्यामुळे उष्णतेच्या एकाच लाटेत सगळे पीक सापडत नाही आणि पंपावरचा भारही विभागला जातो.

प्रश्न : बियाण्याच्या पिशवीवर «दुष्काळ सहनशील» असे लिहिलेले असते. असा वाण घेतला तर पाण्याची एक-दोन पाळ्यांची बचत होईल का?

उत्तर : तेवढ्या भरवशावर पाळ्या कमी करू नयेत. सहनशील वाणालाही जवळपास तेवढेच पाणी लागते; मध्यम स्वरूपाचा ताण आला तर इतर वाणांच्या तुलनेत त्याचे नुकसान कमी होते, इतकाच त्या शब्दांचा अर्थ आहे. ताण फारच तीव्र झाला तर दोघांचीही कणसे रिकामी राहतात.

ही सहनशीलता दोन वाटांनी आलेली आहे. एक वाट नेहमीच्या पैदाशीची. मेक्सिकोमधील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने १९७० च्या दशकापासून मक्यावर मुद्दाम फुलोऱ्यात ताण आणून त्यातून टिकणाऱ्या झाडांची निवड करण्याचे काम केले. ज्या झाडांत ताण असतानाही केसर तुऱ्याच्या मागोमाग बाहेर पडते, त्यांचे दाणे भरतात, हे त्या कामातून ठळकपणे पुढे आले. दुसरी वाट जनुकीय बदलाची. एमओएन ८७४६० या मक्यात बॅसिलस सबटिलिस या जिवाणूतील जनुक घातलेले आहे आणि अमेरिकेत २०११ साली त्याच्या लागवडीला मोकळीक मिळाली. असे बियाणे ज्या देशात परवानगी आहे तेथेच पेरता येते. आपल्यासमोर कोणत्याही वाटेने आलेला वाण असो, विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : ताण दिलेल्या चाचणीत आणि पूर्ण पाण्याच्या चाचणीत याचे उत्पादन किती आले? दोन्ही आकडे मिळाले नाहीत, तर पिशवीवरील शब्दांसाठी जादा पैसे मोजू नयेत.

प्रश्न : कमी पाणी असल्यास झाडांची संख्या किती ठेवावी?

उत्तर : पूर्ण ओलिताखाली हेक्टरी ७५ ते ८० हजार झाडे ठेवली जातात. आपल्यासारख्या अर्धवट ओलिताला ५० ते ६० हजार पुरेशी आहेत. ६० सेंटिमीटर ओळी आणि ३० सेंटिमीटर झाडे असे अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे ५५ हजार झाडे बसतात. विरळ पेरताना परिस्थितीनुसार कणसाचा आकार बदलणारा वाण निवडावा. काही वाणांचे कणीस जागा आणि पाणी मिळाले तर लांब होते, काहींचे फारसे बदलत नाही, आणि या दुसऱ्या प्रकारच्या वाणांत झाडे कमी केली की उत्पादनही कमी होते. नत्राचा हिशेबही त्याच वेळी सुधारावा. एक टन दाण्यामागे पीक २० ते २५ किलो नत्र उचलते, म्हणून अपेक्षित उत्पादन ८ टनांवरून ६ टनांवर आणले असेल तर नत्र ८ टनांचे देऊ नये. ते हप्त्याहप्त्याने द्यावे, म्हणजे पाऊस लांबला तर पुढचा हप्ता हाताशी राहतो.

प्रश्न : गेल्या हंगामात माझ्या मक्याची झाडे हिरवीगार, डोक्याएवढी उंच होती, पण कणसे अर्धी रिकामी निघाली. सुरुवातीला मी तीन पाळ्या वेळेवर दिल्या होत्या. पाणी एकदाच देता येणार असेल तर ते केव्हा द्यावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझ्याच शेतातील एका हंगामाची आठवण झाली. त्या वर्षी मीही लहान मक्याला हौसेने पाणी पाजले आणि तुरा दिसू लागला तेव्हा, आभाळ भरून आले आहे, दोन दिवस थांबू, असे म्हणून पाळी लांबवली. पाऊस आला नाही. आठ दिवसांनी पाणी दिले तेव्हा पाने पुन्हा ताठ झाली, परंतु कणसांचे नुकसान झालेले होते. त्या आठ दिवसांची मला आजही हळहळ वाटते, कारण पाणी माझ्याकडे होते.

अन्न व कृषी संघटनेच्या त्याच मांडणीत अवस्थावार गुणांकही दिलेले आहेत. वाढीच्या अवस्थेत ०.४०, फुलोऱ्यात १.५०, दाणे भरताना ०.५० आणि पक्वतेकडे जाताना ०.२०. फुलोऱ्यातील तुटीची किंमत वाढीच्या काळातील तुटीच्या जवळपास चौपट आहे. कारण असे की ताण आला तरी तुरा ठरल्या वेळी परागकण सांडू लागतो, पण केसराची वाढ पाण्यावर अवलंबून असल्याने ते मागे पडते. एका तुऱ्यातून परागकण साधारण पाच ते सात दिवस पडतात. कणसाच्या बुडाकडील दाण्यांचे केसर आधी आणि शेंड्याकडील सर्वांत शेवटी बाहेर येते. म्हणून उशीर झाला की शेंडा रिकामा राहतो आणि फारच उशीर झाला की अख्खे कणीस. ज्या दाण्यांचे फलन होते, त्यांतीलही काही पुढच्या दोन आठवड्यांत ताण आल्यास सुकून जातात. म्हणून एकच पाळी हाती असेल तर ती तुरा बाहेर पडण्याच्या सुमारास द्यावी, दोन असतील तर दुसरी त्यानंतर दहा-बारा दिवसांनी. तुरा येण्याच्या आधीच्या आठवड्यापासून केसर सुकेपर्यंतचे तीन आठवडे पाण्याविना जाऊ देऊ नयेत.

फलन झाले की नाही हे पाहण्यासाठी काढणीपर्यंत थांबावे लागत नाही. केसर बाहेर आल्यानंतर आठवड्याने शेताच्या वेगवेगळ्या भागांतून आठ-दहा कणसे तोडावीत. धारदार चाकूने बुडापासून शेंड्यापर्यंत सालीला एकच उभा छेद द्यावा, केसर न ओढता साल अलगद सोडवावी आणि कणीस उलटे धरून हलकेच झटकावे. फलन झालेल्या दाण्याचे केसर आपोआप गळून पडते. न झालेल्याचे दाण्याला चिकटून राहते. बुडाकडचे सगळे केसर खाली पडले आणि शेंड्यावर बोटभर झुबका उरला, तर त्या शेंड्याचे दाणे अजून व्हायचे आहेत किंवा राहून गेले आहेत, हे लगेच दिसते. पुढचे पाणी कोणत्या तुकड्याला आधी द्यायचे, हे मी यावरून ठरवतो.

प्रश्न : पीक गुडघ्याएवढे आहे. दुपारी पाने सुरळीसारखी वळतात. लगेच पाणी द्यावे काय?

उत्तर : दुपारी वळलेली पाने संध्याकाळी उलगडत असतील, तर या अवस्थेत थांबता येते. सकाळी नऊ-दहा वाजताच वळलेली दिसली, तर थांबू नये. मधल्या परिस्थितीत लोखंडी गज जमिनीत दाबून पाहावा. तो ओल्या थरात सहज शिरतो आणि कोरड्या थराला अडतो. वीतभर कोरड्या थराखाली ओल असेल तर मुळे तिच्याकडे जातील. पेरणीपूर्वी जमीन खोलवर भिजवून घेतली असेल तरच हा ताण देता येतो, हे विसरू नये. तसेच आठ-दहा पाने झाल्यावर कणसातील दाण्यांच्या ओळी ठरू लागतात, त्यामुळे तेथून पुढे हा संयम कमी करावा.

या काळात उघडी जमीनही पाणी खर्च करते. पिकाच्या एकूण पाण्यापैकी मोठा वाटा, कित्येकदा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक, नुसता जमिनीच्या पृष्ठभागावरून उडून जातो आणि त्यातला बराचसा पाने ओळी झाकेपर्यंतच जातो. मागील पिकाची धसकटे व काड न जाळता ओळींत पसरून ठेवले, तर ही गळती पुष्कळ कमी होते. मध्यम व भारी जमिनीत एक आड एक सरी भिजवण्याचाही चांगला उपयोग होतो. हलक्या, वाळूच्या जमिनीत पाणी आडवे पसरत नाही, म्हणून तेथे ती पद्धत वापरू नये.

प्रश्न : संकरित मक्याचे चांगले दाणे पुढच्या वर्षी बियाणे म्हणून ठेवले तर?

उत्तर : ठेवू नयेत. १९०८ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी मक्यातील संकराच्या जोमाची उपपत्ती मांडली, तेव्हापासून हे माहीत आहे की हा जोम पहिल्या पिढीत पूर्ण असतो आणि पुढच्या पिढीत त्यातला साधारण निम्मा गळून जातो. मोजक्या पाण्यात आणखी एक तोटा होतो. दुसऱ्या पिढीची झाडे एकसारखी नसतात, त्यांचे तुरे मागेपुढे येतात आणि नेमक्या वेळी द्यायची ती एक पाळी कोणासाठी द्यावी, हेच ठरवता येत नाही. स्वतःचे बियाणे राखायचे असेल तर मुक्त परागीभवनाचा, म्हणजे शेतातल्या झाडांचे आपापसांत फलन होऊन बी धरणारा, सुधारित वाण घ्यावा.

प्रश्न : शेवटचे पाणी केव्हा तोडावे?

उत्तर : कणीस मधोमध मोडून शेंड्याकडच्या तुकड्याची मोडलेली बाजू आपल्याकडे करावी. दाण्यांवर एक फिकट रेषा दिसते. तिच्या वरचा भाग कडक पिवळा आणि खालचा दुधाळ असतो, नखाने दाबले की फरक कळतो. दाण्याला वर नुकतीच खाच पडली असेल तर पक्वतेला सुमारे २४ दिवस आणि १२५ मिलिमीटर पाणी बाकी असते. रेषा दाण्याच्या मध्यावर आली असेल तर सुमारे १३ दिवस आणि ५५ ते ६० मिलिमीटर. जमिनीत तेवढी ओल असेल तर पाणी तोडावे. रेषा मध्यावर असताना दाण्याचे सुमारे ९० टक्के वजन भरलेले असते, म्हणून साठा संपत आला असेल तर येथून पुढची पाळी सोडल्याने फार मोठे नुकसान होत नाही. दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसला की पाण्याचे काम संपले.

प्रश्न : पाणी संपले, कणसे भरली नाहीत. उभा मका जनावरांना कापून घालता येईल का?

उत्तर : घालता येतो, पण सावधगिरीने. ताणात वाढ थांबलेला मका जमिनीतून नत्र उचलत राहतो आणि ते नायट्रेटच्या रूपात ताटाच्या खालच्या भागात साठते. जनावराच्या पोटात ते जास्त गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि जनावर दगावू शकते. म्हणून जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटर ताट सोडून वरचा भाग कापावा. ताणानंतर चांगला पाऊस झाला असेल तर निदान आठवडाभर कापू नये, कारण पावसानंतर लगेचच नायट्रेट वाढते. शक्य असल्यास मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करावा. तो तीन आठवडे मुरल्यावर नायट्रेट बरेच कमी होते. उपाशी जनावरांपुढे हा चारा एकदम टाकू नये, सुक्या चाऱ्यात थोडा थोडा मिसळून सुरुवात करावी आणि चाऱ्याचा नमुना तपासून घेता आला तर आधी तपासावा. अर्धवट भरलेली कणसे वेगळी काढली असतील, तर त्यांच्यावर पिवळट हिरवी भुकटी दिसते का, हे प्रत्येक कणीस सोलून पाहावे. उष्णता आणि ताण यांत वाढणाऱ्या अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीची ती खूण आहे. तिचे विष यकृताला घातक असल्यामुळे अशी कणसे जनावरांना किंवा कोंबड्यांना मुळीच घालू नयेत.